सहा किलोवॅटचा महिना कोणता?

प्रिय दोस्ता,

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या लाटांपासून किती ऊर्जा मिळेल, हा तुझा अहवाल वाचला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं आहेस: वार्षिक सरासरी, लाटेच्या दर मीटर रुंदीमागे 6 किलोवॅट. आकडेमोड बरोबर आहे. पण मला सांग, सहा किलोवॅटचा महिना कोणता?

तूच धरलेले आकडे घे. पावसाळ्यात लाटेची लक्षणीय उंची (सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी) 2 मीटर, आवर्तनकाल (एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ) 8 सेकंद. उंचीचा वर्ग गुणिले आवर्तनकाल गुणिले 0.49, म्हणजे जवळपास 16 किलोवॅट. जानेवारीत उंची 60 सेंटिमीटर, आवर्तनकाल 6 सेकंद. हाती येतो जेमतेम 1. चार महिने सोळा, आठ महिने एक, आणि सरासरी सहा! तो सहा म्हणजे मेअखेरीस नि सप्टेंबरअखेरीस वाटेत लागणारं स्टेशन, गाडी तिथे थांबत नाही. सोळावर बेतलेलं यंत्र आठ महिने पडून राहणार, आणि एकावर बेतलेलं यंत्र जून-जुलैत जीव वाचवण्यासाठी बंद ठेवावं लागणार. यंत्र बनवणाऱ्याला तुझी सरासरी नको असते. कोणत्या उंचीची आणि किती आवर्तनकालाची लाट वर्षात किती तास असते, तो तक्ता त्याला हवा असतो. तो पहिल्या पानावर आण, सरासरी खाली तळटीपेत जाऊ दे.

प्रस्तावनेतून दोन गोष्टी काढून टाक. एक, देशाची लहरऊर्जा क्षमता सुमारे 40,000 मेगावॅट हे वाक्य. हा सैद्धांतिक आकडा आहे. बंदरं, मासेमारीची जागा, जहाजांचे मार्ग आणि यंत्रांची कार्यक्षमता वजा करून काय उरतं, ते त्यातून कळत नाही. दुसरी, वृत्तवाहिनीवरची 'साडेचार मीटरच्या लाटा' ही बातमी. दर जुलैत हा घोळ होतो. मुंबईचा तो आकडा भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो, नौकानयनाच्या नकाशावरच्या शून्य पातळीपासून मोजलेला. लाटेशी त्याचा संबंध नाही. बातमीदाराला माफ, तुला नाही.

आता खोलीकडे ये. 0.49 चं सूत्र खोल पाण्याचं आहे, म्हणजे खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त असेल तिथलं. 8 सेकंदांच्या लाटेची लांबी खोल समुद्रात 100 मीटर भरते, म्हणून निदान 50 मीटर पाणी हवं. तुझ्या बोयाखाली, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणाखाली, पाणी 15 मीटर. तिथे लाटांचा समूह, आणि त्याच्याबरोबर ऊर्जा, सेकंदाला साडेसात मीटरने सरकते. तू लावलेलं सूत्र सव्वासहा धरून चालतं. त्यामुळे तिथे मोजलेल्या त्याच उंचीसाठी तुझं उत्तर सुमारे सहाव्या हिश्शाने कमी आलंय. चूक आपल्या पदरात तोट्याची पडली म्हणून ती चूक नाही असं होत नाही. त्या खोलीवरचा समूहवेग काढ, आणि जमलं तर पूर्ण वर्णपटावरून, म्हणजे कोणत्या आवर्तनकालाच्या लाटांत किती ऊर्जा आहे त्या वाटणीवरून, काढ.

उंचीचा वर्ग येतो हे डोक्यातून जाऊ देऊ नकोस. उंचीत 10 टक्के चूक झाली की शक्तीत 21 टक्के होते. ईआरए5 या जागतिक हवामान-नोंदींच्या संचातून 1940 पासूनच्या लाटा फुकट मिळतात, जरूर वापर. पण त्यातल्या लाटांची जाळी अर्ध्या अंशाची आहे, म्हणजे साधारण 55 किलोमीटरची. रत्नागिरीचं भगवती बंदर, मिऱ्याचा डोंगर, काळबादेवीची खाडी, या कशाचीही तिला कल्पना नाही. ती माहिती किनाऱ्यावर 'स्वॅन'सारख्या, उथळ पाण्यातल्या लाटांचं गणित करणाऱ्या मॉडेलने उतरवावी लागते, आणि त्यासाठी तळाची खोली नीट असावी लागते. मग बोयाशी ताडून पाहायचं, तेही महिनावार. डिसेंबर ते फेब्रुवारीत आखाताकडून शमाल वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून येतात, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याच्या आखूड लाटा वर चढतात. दिवसाची सरासरी घेतलीस की यातलं काहीच दिसणार नाही.

बोयाच्या नोंदीतली गहाळ पानं पाहिली. तिथे तू मागच्या-पुढच्या मूल्यांची सरासरी भरली आहेस. जरा थांब. बोया हवामान चांगलं असताना सहसा बंद पडत नाही. नांगर तुटतो तो पावसाळ्यात, किंवा निसर्ग, तौक्ते यांसारखं वादळ आलं की. म्हणजे हरवलेली पानं नेमकी मोठ्या लाटांची. ती मधल्या मूल्यांनी भरलीस तर कमाल उंची आपोआप बुटकी होते, आणि यंत्राचा सांगाडा त्याच कमाल उंचीवर ठरतो.

या क्षेत्रात आपण नवखे आहोत असं मानू नकोस. केरळात विळिंजमला 1991 मध्ये आयआयटी मद्रासच्या मंडळींनी 150 किलोवॅटचं संयंत्र उभं केलं होतं: लाट काँक्रीटच्या पेटीत शिरली की हवा वर ढकलली जाते, ओसरली की आत ओढली जाते, आणि टर्बाइन दोन्ही वेळा एकाच दिशेने फिरतं. आज ते बंद आहे. 2022 मध्ये त्याच संस्थेने तुतिकोरिनजवळ 100 वॅटचं उपकरण तपासलं. हसू नकोस. जिथे तार पोचत नाही तिथला सेन्सर चालवायला शंभर वॅट पुष्कळ. वीज कुणासाठी, हे ठरलं की तुझा जानेवारीतला एक किलोवॅटही किरकोळ राहत नाही. अहवालात हा प्रश्न कुठेच नाही, म्हणून निष्कर्षही लटका वाटतो.

नवा बोया टाकायचा असेल तर मेमध्येच टाक. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी, तोवर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी शाकारलेल्या असतात, नेणारा कुणी भेटत नाही. त्याआधी तिथल्या एखाद्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, नकाशा दाखव आणि जाळी कुठे पडतात ते विचार. बोयाची जागा मग आपण पुन्हा ठरवू.

सुधारलेला तक्ता पाठव. भरलेल्या नोंदी त्यात वेगळ्या रंगात असू देत.