शेडच्या दर्शनी भागाआधी विम्याचा कागद उघडा

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे, फाउंड्र्यांच्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) जॉबवर्क करतो. ४० बाय ८० फुटांचं पत्र्याचं शेड १२ वर्षांचं झालं, पुढून फार गंजकं दिसतं. समोरच्या बाजूला एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचे सजावटी पॅनेल) लावायचं कोटेशन ४ लाखांचं आलंय. १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज मिळतंय. दर्शनी भाग सुधारला की पुण्याच्या कंपन्यांची कामं थेट मिळतील आणि उलाढाल दीडपट होईल, असा अंदाज आहे. बँकेची १५ लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) साडेअकरा टक्क्यांनी आहे, ती कायम मर्यादेपर्यंत वापरलेली असते. शेडचा विमा काढलेला आहे, वर्षाला १ लाख २० हजार भरतो, तीन हप्ते झाले. पॉलिसीची प्रत जोडली आहे. कर्ज घेऊ का?

उत्तर : कर्ज घेऊ नका. पण त्याहून तातडीची गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. जोडलेली पॉलिसी मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. तो शेडचा विमा नाही. ती तुमच्या नावावरची बचतीची आयुर्विमा पॉलिसी आहे. शेड, मशीन, माल यांचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नाही. उद्या आग लागली किंवा वादळात पत्रे उडाले, तर या कागदावर एक रुपयाही मिळणार नाही. शिरोलीत हे सांगावं लागू नये. २०१९ आणि २०२१ मध्ये तिथलाच महामार्ग पुराने बंद पडला होता.

सीसीची मर्यादा वाढवताना बँकेतल्या अधिकाऱ्याने ‘विमा घ्यावाच लागेल’ म्हणून ही पॉलिसी पुढे केली, असं तुम्ही पत्रात खाली लिहिलंय. हे वाचून मला मनापासून राग आला. तारण ठेवलेल्या मालाचा नि मशीनचा विमा बँक मागते, ते रास्तच आहे. पण त्या नावाखाली १० वर्षांच्या हप्त्यांची बचत पॉलिसी गळ्यात मारणं ही सरळ फसवणूक आहे.

आता हिशेब. १० वर्षांत १२ लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर साधारण १८ लाख ‘मिळू शकतील’. परतावा पडतो चार टक्क्यांच्या आसपास. आणि हा हप्ता तुम्ही भरता सीसीतून, म्हणजे साडेअकरा टक्क्यांनी उसने काढून चार टक्क्यांनी गुंतवता. भरलेले ३ लाख ६० हजार विसरा. आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर १ लाख २५ हजार मिळतील, असं कंपनीने तुम्हाला कळवलंय. तो आकडा धरून फक्त इथून पुढचं गणित मांडलं, तरी पॉलिसी चालू ठेवण्याचा परतावा सात टक्क्यांच्या आतच राहतो. सीसीच्या व्याजावर प्राप्तिकराची वजावट धरली तरी ते तुम्हाला नऊ टक्क्यांच्या आसपास पडतंच. चौथा हप्ता भरू नका.

मात्र लगेच सरेंडरही करू नका. ‘शेडचा विमा म्हणून विकली’ अशी लेखी तक्रार आधी विमा कंपनीकडे आणि बँकेकडे द्या, पोच घ्या. महिन्यात समाधानकारक उत्तर आलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. तिथे काही हाती लागलं नाही तर सरेंडर करा आणि ते पैसे सीसीत भरा. घरच्यांसाठी १ कोटीचा साधा टर्म विमा (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा) घ्या. तुमच्या ४१ व्या वर्षी, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला २० हजारांच्या आसपास खर्च येईल. फक्त तो हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी मोडू नका.

या आठवड्यात करायचं काम वेगळं आहे. सीसीचं स्टेटमेंट काढून बँकेने मालापुरता काही विमा परस्पर काढलाय का ते पाहा. असला तरी रक्कम बहुधा तुटपुंजी असेल. मग ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी मागा. एका जागेवर ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या उद्योगांसाठी ती २०२१ पासून आहे. आग, वादळ, पूर त्यात येतात. तुमचं शेड, मशीन आणि माल मिळून कोटीच्या घरात जातो. हप्ता साधारण १० ते २० हजार. मशीनची किंमत आज नवीन घेताना पडेल ती लिहा. आणि आवारातली कास्टिंग फाउंड्र्यांची आहेत, तुमची नाहीत. दुसऱ्याचा ताब्यातला माल पॉलिसीत स्पष्ट लिहून घेतला नाही, तर त्याची भरपाई तुमच्या खिशातून जाईल.

आता दर्शनी भाग. ४ लाखांचं कर्ज तीन वर्षांत फेडायचं तर महिन्याला १३ हजार ७०० रुपये, व्याज सुमारे ९० हजार. दीडपट उलाढालीची आशा कोणत्या ऑर्डरवर उभी आहे? पुण्याहून येणारा ऑडिटर गेजचं कॅलिब्रेशन (मोजमापाच्या साधनांची अचूकता), रिजेक्शन (नाकारलेला माल) आणि वेळेवरच्या डिलिव्हरीचा रेकॉर्ड बघतो. तरी गंजकं शेड पहिल्या नजरेत नुकसान करतं, हे मला मान्य आहे. म्हणून काम करा, पण लाखभरात.

गंजावर एसीपी ठोकलंत तर आत ओल कोंडते आणि पत्रा मागून खात राहतो. त्यापेक्षा ८०० चौरस फुटांची समोरची बाजू प्रेशरने धुऊन घ्या, गंज तारेच्या ब्रशने काढा, झिजलेले स्क्रू रबरी वॉशरसकट बदला. गंजलेल्या जागी झिंक फॉस्फेट प्रायमर, उघड्या जस्ती पत्र्यावर एच (etch) प्रायमर, मग दोन हात रंग. जस्ती पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारणारा पेंटर नको, त्याचे पापुद्रे निघतात. चौरस फुटाला ३० रुपये धरले तर २४ हजार. जमिनीलगतचे कुजलेले पत्रे आणि फुटकी पन्हळ बदलायला ३० हजार, नावाचा फलक आणि दिव्यांना तेवढेच, गेट रंगवून फाटकाजवळचा धातूच्या चिप्सचा (मशीनवरच्या कातणाचा) ढीग हलवायला १५ हजार. पन्हळ आधी बदला, नाहीतर पहिल्याच पावसात नव्या रंगावर ओघळ उठतील.

एवढे पैसे न भरलेल्या चौथ्या हप्त्यातूनच सुटतात. तो मार्चमध्ये आहे, म्हणजे रंगकाम एप्रिल-मेमध्ये उरकेल. शेडच्या नव्या विम्याचा हप्ता मात्र रंगाच्या आधी भरा.