तोरण कुणाचं?

लाडक्या चिमणीस,

तुझा व्हॉइस मेसेज ड्युटीवरून आल्यावर तीनदा ऐकला. मागं आज्जी कुकरच्या शिट्ट्या मोजत होती, म्हणून अर्धं कळेना. तर वरच्या मजल्यावरची तुझी मैत्रीण म्हणते, तोरण हा कन्नड शब्द आहे, मग तुम्ही मराठी लोक पाडव्याला ते का बांधता? आणि तुझं म्हणणं, गणपत गल्लीत प्लास्टिकचं तयार मिळतंय, तर हातानं करत कशाला बसायचं?

मैत्रिणीचं खोटं नाही, पण अर्धंच आहे. शब्द मूळ संस्कृतातला, तिच्याही घरी आला आणि आपल्याही. माझ्या खोलीतला केरळचा गडी ‘तोरणम्’ म्हणतो, त्यांच्याकडं ते माडाच्या कोवळ्या पात्यांचं करतात. तोरण म्हणजे मुळात कमान. सांचीच्या मोठ्या स्तूपाला चार दिशांना चार दगडी तोरणं आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. मराठीत मात्र ‘तोरण बांधणं’ म्हणजे सुरुवात करणं. महाराजांनी तोरणा घेतला आणि स्वराज्याचं तोरण बांधलं, हे तुला पाठ असेलच. तिला तेवढं सांग. आपला पाडवा नि तिच्या कन्नड लोकांचा युगादी एकाच दिवशी, आपण कडुलिंब-गूळ खातो ते त्यांचं बेवु-बेल्ल. भांडायचंच असेल तर गुढीवरून भांडा, ती त्यांच्याकडं नसते.

आता प्लास्टिकचं. त्याला नावं ठेवायला माझं तोंड नाही. गेल्या पाडव्याला मी इथं पुठ्ठ्याची पानं कापून, हिरवा रंग देऊन, केबल टायनं दारावर लटकवली. एसीच्या वाऱ्यानं रात्रभर टकटक, टकटक. दोन वाजता उठून काढली. पण एक बघ, आंब्याचं पान सुकतं, म्हणून पुढच्या सणाला माणूस स्टूल घेऊन पुन्हा दाराशी जातो. प्लास्टिकचं सुकतच नाही. मग त्यावर वर्षभर धूळ बसते आणि कुणी वर बघतसुद्धा नाही.

आपल्या दाराची रुंदी तीन फूट. सुतळी पाच फूट घे, दोन्हीकडं खिळ्याला गुंडाळायला लागते. पानं तेरा. कोवळी तांबूस पानं घेऊ नकोस, दुपारपर्यंत माना टाकतात; गडद, जून, चिवट बघून घे. ओल्या फडक्यानं पूस. मग पान देठाकडून बोटभर मागं दुमडायचं, दुमडीत सुतळी घ्यायची आणि त्याच पानाचा देठ दोन्ही पदरांतून आरपार खुपसायचा. टाचणी नको, दोरा नको. देठ मऊ निघाला तर आज्जीच्या खराट्यातली हिराची काडी मोडून टोच (विचारून मोड, त्या खराट्यावर तिचा जीव आहे). दोन पानांत तीन बोटं जागा सोड, तिथं झेंडू. झेंडू मात्र दाभणानं ओवायचा, देठाकडून सरळ पोटातून. आडवा ओवलास तर फूल तोंड फिरवतं. माझं पहिलं तोरण तसंच झालं होतं, सगळी फुलं भिंतीकडं बघत होती.

कायमचं हवं असेल तर वडगावच्या आत्याकडं जा. तिच्या गल्लीत माग आहेत, साडीचं उरलेलं रेशीम मूठभर मागून आणता येईल. चार बोटांभोवती चाळीस वेढे घे, वरून गाठ मार, खालून काप, मानेला दोरा आवळ. झाला गोंडा. असे अकरा. आज्जीच्या ट्रंकेत तिनं लग्नाआधी केलेलं काचेच्या नळ्यांचं तोरण आहे, ते काढून बघ. गोंडे कसे लावायचे ते त्यावर दिसेल. नळ्या सुट्या झाल्यात, हलक्या हातानं धर.

आणि बांधायच्या आधी डावीकडचा खिळा बघ. तो मी ठोकला तेव्हापासून हलतोय. मामाला सांग, पण लाकडी पाचर मारायला लाव. नुसता हातोडा मारला तर चौकट चिरेल.

तुझा,
बाबा