'क्वांटम' म्हणजे सूक्ष्म नव्हे, आणि 'आकार' म्हणजे नुसता घाट नव्हे

प्रश्न असा आहे: विद्युतनिक्षेपणाने, म्हणजे द्रावणातून वीज सोडून, बसवलेल्या नॅनोस्फटिकी अर्धवाहक (सेमीकंडक्टर) पटलांवर, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिककणांच्या पातळ थरांवर, मराठीत लेख लिहिते आहे. कण फार लहान झाला की पदार्थाचे गुण बदलतात, त्या 'क्वांटम साइज इफेक्ट'ला 'सूक्ष्म-आकार परिणाम' म्हणावं का? लेखाचे तपासनीस म्हणतात, आकार म्हणजे शेप. साइजला 'आकारमान' लिहा.

'सूक्ष्म' ताबडतोब खोडा. क्वांटम म्हणजे सूक्ष्म, हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. लॅटिनमध्ये क्वांटम म्हणजे 'किती', 'केवढं'. त्या 'क्वां'तला क आणि आपल्या 'किती'तला क एकाच प्राचीन भारोपीय प्रश्नार्थक मुळातून आले आहेत, म्हणजे ही सख्खी भावंडंच. शब्दाचा हा अर्थ आपल्याकडे नीट जपला तो वकिलांनी. दोष सिद्ध झाल्यावर कोर्टात 'शिक्षेच्या क्वांटमवर' युक्तिवाद होतो, तेव्हा शिक्षा किती एवढाच मुद्दा असतो. जन्मठेपही क्वांटमच. १९०५ साली आइनस्टाइनने प्रकाशाच्या क्वांटांबद्दल लिहिलं, तेही ऊर्जेच्या ठराविक, न तुटणाऱ्या 'इतक्या'बद्दल.

मराठी विश्वकोशाने क्वांटमला 'पुंज' रूढ केला, क्वांटम मेकॅनिक्सची 'पुंजयामिकी' झाली. मला तो शब्द कधीच पटलेला नाही. केसांचा पुंजका, तारकापुंज, सगळीकडे पुंज म्हणजे अनेकांचा गोळा. जे फोडता येत नाही अशा एकट्या मात्रेला ढिगाचं नाव देणं ही सरळ चूक आहे, मग ती कितीही मोठ्या ग्रंथात छापलेली असो. क्वांटमच लिहा.

आता आकार. तपासनीसांनी वीजबिल काढून बघावं. 'स्थिर आकार', 'वहन आकार', 'वीज आकार' अशा ओळी असतात आणि पुढे रुपये. सातबाऱ्यावरही क्षेत्राबरोबर 'आकार' असतो, म्हणजे त्या जमिनीची सरकारी आकारणी. आकारचा एक अर्थ सरळ 'किती' आहे! संस्कृतात आ + कृ, म्हणजे रूप. रूपावरून रक्कम कशी आली? माझं मत असं की बांधाबांधाने जमीन डोळ्यांपुढे आणायची, तिचा अदमास बांधायचा आणि मग तिच्यावर काय बसेल ते ठरवायचं, या कामातच 'आकारणे' रूपाकडून रकमेकडे सरकलं. अदमासाला आपण 'अंदाज बांधणं' म्हणतोच. आणि महसुलातला 'आकारबंद' पाहा: गावातल्या प्रत्येक सर्व्हे नंबरचं क्षेत्र किती, त्यावर आकार किती, याची बांधलेली नोंद. मला हा शब्द फार आवडतो, कारण तुमच्या पटलातही अगदी हेच चाललेलं असतं.

कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाच्या मोठ्या स्फटिकाचं ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे १.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक). कण काही नॅनोमीटरचा झाला की इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा त्यात कोंडली जातात आणि अंतर वाढतं. साध्या गणिताने कणाचा व्यास निम्मा केला तर ही वाढ चौपट. इस्रायलमध्ये रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतले गॅरी होड्स आणि सहकारी यांनी १९८७ साली रासायनिक निक्षेपणाने, म्हणजे वीज न वापरता द्रावणातूनच, बसवलेल्या अशाच पटलांत ही वाढ ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत दाखवली. पुढे विद्युतनिक्षेपणाने सोन्यावर सुमारे ५ नॅनोमीटरचे कणही बसवले. पटल तापवलं की कण मोठे होतात, अंतर घटतं आणि रंग गडद होत जातो. तुकड्याच्या मापावर बसणारा ऊर्जेचा आकार, आणि तोही बंदिस्त! फरक एवढाच की शेतात तुकडा लहान तर आकार कमी, इथे तुकडा लहान तर आकार जास्त. कणातल्या या कोंडीला, 'क्वांटम कन्फाइनमेंट'ला, कुणी 'आकारबंद' म्हटलं तर मी पहिला टाळी वाजवीन.

तपासनीसांचं 'आकारमान' मात्र नको. शाळेच्या पुस्तकांत आकारमान म्हणजे घनफळ, लिटर आणि घनसेंटिमीटर. तुमच्याकडे मोजायचा आहे कणाचा व्यास. बाजारात 'मोठ्या आकाराचे बटाटे' मागितले तर घाट कसला हवा, असं कुठलाही भाजीवाला विचारत नाही.

'विद्युतनिक्षेपण' बरोबर आहे. कुणी 'मुलामा' सुचवतील. अरबीतून आलेला, चकाकीच्या मुळाचा गोड शब्द आहे, पण त्यात वरवरचं झळाळतं आवरण येतं आणि तुमचं पटल तर स्वतःच काम करणारा अर्धवाहक आहे. या विषयावर मराठी मुलखात जुनं काम आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या सी. डी. लोखंडे आणि एस. एच. पवार यांनी १९८९ साली अर्धवाहक पटलांच्या विद्युतनिक्षेपणाचा आढावा प्रसिद्ध केला होता. इतक्या वर्षांत मराठी शब्द घासून गुळगुळीत व्हायला हवे होते.

तर शीर्षकात 'क्वांटम आकार-परिणाम' लिहा, आणि पहिल्याच परिच्छेदात हा आकार कणाचा, पटलाच्या जाडीचा नव्हे, हे स्पष्ट करा. पटल शंभर नॅनोमीटर जाड असूनही आतले कण पाचच नॅनोमीटरचे असू शकतात, आणि वाचक नेमका तिथेच फसतो.