बुलेटच्या चेसिसला गंजाचं भोक पडलंय, वरून पट्टी मारली तर चालेल का?

वडिलांची १९९२ ची स्टँडर्ड ३५० बुलेट, गाव परभणीकडचं. बॅटरीच्या पेटीखालच्या नळीला बोट जाईल एवढं भोक पडलंय आणि गावातला वेल्डर म्हणतोय, "पट्टी मारतो, वरून लांबी (पुट्टी) भरून रंग देतो." भाऊ, त्याला आजच नको म्हणून सांगा. या बुलेटला इंजिनखालून जाणारी नळी नाही, इंजिन स्वतःच चेसिसचा भाग म्हणून ताण घेतं. त्यामुळे इंजिनच्या मागच्या माउंटिंगजवळची नळी कमजोर झाली की गोष्ट दिसण्यापुरती राहत नाही.

बाहेर भोक दिसतंय म्हणजे आतून त्याच्या कितीतरी पुढे पत्रा पातळ झालेला असतो. बॅटरी काढा, माती खरवडा आणि लहान हातोडीने नळी ठोकत जा. चांगल्या नळीचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्या जागी बद्द येतो. शंका आली तिथे टोच्याने दाबून बघा. जिथे टोच्या अजिबात रुतत नाही तिथून पुढचा भाग चांगला धरायचा आणि खडूने खूण करायची. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याची (स्विंगआर्मची) बूच बसते तो भाग आणि डबल स्टँडचे कान सोडू नका, तिथे चिखल वर्षानुवर्षं बसून राहतो.

गंज हँडलच्या हेडमध्ये, म्हणजे कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बसतो त्या भागात, किंवा चिमट्याच्या बुचेत शिरला असेल तर वेल्डिंगचा विषय संपला. तिथे जोड देऊन गाडी रस्त्यावर काढायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही. सरळ नळीतला गंज मात्र नीट दुरुस्त होतो.

खुणेपर्यंतचा तुकडा कापून टाका. तेवढ्याच मापाची आणि जाडीची सीमलेस नळी आणा. आतून बसेल असा स्लीव्ह (आतली छोटी नळी) करून घ्या, जोडाच्या दोन्ही बाजूंना नळीच्या व्यासाएवढा तरी आत जाणारा. बाहेरच्या नळीला ८ मिमीची भोकं पाडून त्यातून स्लीव्ह वेल्ड करायचा, मग जोडाची कड भरायची. पट्टी आणि स्लीव्ह यात फरक हा की पट्टीखाली सडका पत्रा तसाच राहतो आणि पाणी आत अडकतं.

वेल्डिंग सीओटू किंवा आर्गन गॅसवाल्या मशीनने करा. रॉडने पातळ नळी जळते. टॅक (जागा धरून ठेवणारे वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारताना इंजिन जागेवर बोल्टने आवळलेलं ठेवा, म्हणजे माउंटिंग सरकत नाही. टॅक बसले की इंजिन उतरवा. मग एका दमात न भरता थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला. गरम जोडावर पाणी ओतू देऊ नका, तो आपोआप गार होऊ द्या. पेट्रोलची टाकी आधीच लांब ठेवा, आणि वायरिंग, रेक्टिफायर काढून घ्या.

रंगासाठी छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग करणारे आहेत, लातूर-नांदेडलाही चौकशी करा. आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकून घ्यायला सांगा. ब्लास्टिंग झाल्या दिवशीच इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे, पावसाळ्यात उघडं लोखंड रातोरात लाल होतं. काही पेंटर चेसिस ॲसिडमध्ये बुडवून देतात. ते टाळा, नळीच्या आत राहिलेलं ॲसिड पुढे आतूनच खात बसतं. ब्लास्टिंग परवडत नसेल तर वायर ब्रश आणि फॉस्फरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर वापरा, पण फक्त वरवरच्या गंजावर. नळीच्या आत शेवटी मेणाचा स्प्रे मारा आणि खालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

आता मूळ कारण. मराठवाड्यात पाऊस कमी, म्हणून गाडी गंजत नाही असं सगळे धरून चालतात. पण आपली गाडी गोठ्यात उभी राहते, कॅरिअरवरून खताची पोती वाहते. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, ते लोखंडाला मिठासारखंच खातं, आणि फाटक्या पोत्यातलं खत मागच्या नळ्यांवरच सांडतं. वरून खारं बोअरचं पाणी मारून आपण गाडी "स्वच्छ" करतो. तुमच्या गाडीला मात्र जागा बघता बॅटरीचं ॲसिड लागलेलं दिसतंय. नवी बसवताना सीलबंद बॅटरी घ्या, नाहीतर ओव्हरफ्लोची नळी चेसिसच्या खालपर्यंत सोडा. शिंतोडे उडालेली जागा खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची.

कापाकापी, घासाई आणि ब्लास्टिंगमध्ये कोरलेल्या चेसिस नंबरला धक्का लागू देऊ नका. त्यावर टेप लावून ठेवा. खासगी गाडीचं आरसी १५ वर्षं चालतं, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि तेव्हा आरटीओचा निरीक्षक हा नंबर बघतो. तो पुसट झाला तर उत्तम दुरुस्त केलेली गाडीही कागदांवरून अडते.