काडतूस अंगात शिरत नाही

डिचोलीच्या एका वाचकाने विचारले आहे: आफ्रिकेतल्या शिकारीवरच्या मराठी लेखात 'काडतूस रानरेड्याच्या अंगात शिरून फुलते' असे वाक्य वाचले. इथे 'फुलते' बरोबर की 'फुटते'?

क्रियापदाचे नंतर पाहू, आधी कर्ताच चुकला आहे. काडतूस कुठल्याही जनावराच्या अंगात शिरत नाही. ते बंदुकीत शिरते, आणि बार उडाला की त्याची रिकामी पुंगळी मागे उरते. जनावराला लागते ती गोळी. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी टिकली), आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, एवढा सगळा ऐवज मिळून काडतूस होते. 'दोन जिवंत काडतुसे जप्त' ही पोलिसांची भाषा म्हणूनच अगदी चोख आहे. पण त्याच बातमीत चार ओळींनंतर 'शवविच्छेदनात काडतूस सापडले' असे छापतात तेव्हा डोके उठते. रानडुक्कर मेल्याची बातमी असो की खुनाची, ही चूक ठरलेली.

आता क्रियापद. 'फुलणे' आणि 'फुटणे' दोन्ही हवेत, कारण त्या दोन निरनिराळ्या घटना आहेत. शिकारीच्या गोळीला तांब्याचे कवच असते आणि टोकाशी मऊ शिसे उघडे ठेवलेले असते. मांसात शिरताच ते टोक मागे वळते, गोळीचा व्यास दुपटीच्या आसपास जातो, जखम रुंद होते आणि जनावर लवकर पडते. हे फुलणे. कवच पातळ आणि वेग जास्त असला तर तीच गोळी खांद्याच्या हाडावर आपटून तुकडे तुकडे होते. जखम वरवरची राहते आणि जनावर जखमी अवस्थेत पळते. हे फुटणे, आणि यासारखी वाईट गोष्ट शिकारीत दुसरी नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन नॉस्लर यांनी गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली ती यासाठीच. पुढचा भाग फुलला तरी मागचा अर्धा अखंड राहून खोल जातो.

हत्ती आणि आफ्रिकी रानरेडा यांची गोष्ट निराळी. तिथे पुष्कळदा पूर्ण कवचाची घट्ट गोळी वापरतात. जाड कातडे आणि हाड भेदून तिने सरळ आत जायचे असते. अशी गोळी फुलतही नाही आणि फुटतही नाही, ती भेदते. म्हणजे रानरेड्याला कोणती गोळी घातली होती हे लेखकाने सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. (आपल्याकडे गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि 1972 च्या कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे. तेव्हा ही सगळी चर्चा परमुलखातली समजावी.) युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत असा करार 1899 मध्ये हेगला झाला. त्याला निमित्त झाल्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या गोळ्या. उलट ब्रिटनमध्ये हरणावर फुलणारीच गोळी झाडावी असा कायदा आहे.

पण खरा रसाळ शब्द 'काडतूस'. एका कोशप्रेमी गृहस्थांनी तो इंग्रजी 'कार्ट्रिज'चा अपभ्रंश ठरवून टाकला आहे. 'ट्रिज'मधून 'तूस' कसे निघाले ते त्यांनी उच्चारून दाखवावे. मुळात 'कार्ट्रिज' हाच फ्रेंच 'कार्तूश'चा इंग्रजांनी केलेला अपभ्रंश आहे! आपले काडतूस आले पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून. त्याच्याही मागे इटालियन 'कार्तोच्चो', म्हणजे कागदाची सुरळी, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'कार्ता', म्हणजे कागद. पोर्तुगालमध्ये आजही सुक्यामेव्याच्या कागदी पुड्याला हाच शब्द चालतो. दारू आणि गोळी मोजून बांधलेली कागदाची पुडी, एवढाच काडतुसाचा मूळ अर्थ. 1857 चा भडका आठवा: शिपायांनी दाताने फाडायचा होता तो कागद, आणि चरबीचा संशय होता तोही त्या कागदावरच. छऱ्याच्या बंदुकीच्या काडतुसांची नळकांडी 1960 च्या सुमारास प्लास्टिक येईपर्यंत बहुधा कागदाचीच असत. पावसाळ्यात ती ओल धरून फुगत आणि नळीत बसेनाशी होत. तेव्हा काडतुसाला क्रियापद हवेच असेल तर ते 'फुगणे'.

फ्रेंच पक्षाचे लोक म्हणतात की हा शब्द शिंद्यांच्या फौजेत डी बॉइन या युरोपीय सेनापतीच्या हाताखाली आला. मला हे मान्य नाही. त्याच फौजेला मराठी माणूस 'कंपू' म्हणत होता, आणि माझ्या मते तो शब्द पोर्तुगीज 'कांपु' आहे. फिरंगी गोलंदाज आणि गोव्याचा दारूगोळा मराठ्यांना डी बॉइनच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. 'चावी'ही पोर्तुगीजांकडूनच आली, मग तिच्यात 'च' आणि काडतुसात 'स' का, ही शंकाही सुटते. पोर्तुगीजांचा तो 'च' पुढे 'श'कडे झुकला. 'चावी' त्याआधी आली, काडतूस त्यानंतर. शेवटचा स्वर आपण गिळला, जसा आफोंसुचा हापूस करताना गिळला.

आता र चा ड का झाला? हिंदीत 'कारतूस' आहे, मग मराठीतच 'काड' कुठून आले? कोशकार इथे गप्प बसतात. माझे मत ठाम आहे की ही शेतकऱ्याच्या कानाची करामत आहे. 'काड' म्हणजे दाणा झोडून घेतल्यावर उरलेली पोकळ दांडी, 'तूस' म्हणजे दाणा निघून गेल्यावर उरलेले टरफल. परका 'कारतूस' कानावर पडला आणि मराठीने त्याला खळ्यावरचे हे दोन ओळखीचे शब्द चढवले. गोळी गेल्यावर बंदुकीत उरणारी पुंगळी तुसासारखीच रिकामी असते, मग हा मेळ बसायला वेळ कशाला लागेल? गोव्यात भाताच्या काडाला आम्ही तण म्हणतो, काड हा शब्द घाटावरचा. त्यामुळे 'ड'चे हे रूप गोव्यात नव्हे, घाट चढल्यावर घडले असावे असे मी धरतो. व्याकरणही माझ्या बाजूने आहे. मूळ पोर्तुगीज शब्द पुल्लिंगी, तरी मराठीत तो नपुंसकलिंगी झाला: ते काड, ते तूस, ते काडतूस. तूस-तुसाचे, काडतूस-काडतुसाचे, रूपेसुद्धा एकाच वळणाने चालतात. ज्यांना ही व्युत्पत्ती पटत नसेल त्यांनी हा 'ड' दुसऱ्या कोणत्या वाटेने आला ते दाखवावे.