चंद्र आधी नकाशावर उगवतो

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचा फोटो मिळाला. टेकडीवरचा मनोरा आणि त्याच्या खांद्याशी पौर्णिमेचा चंद्र. "डोळ्यांना केवढा थोरला दिसत होता आणि फोटोत वाटाण्याएवढा आला," असं तू लिहिलं आहेस, आणि आता कोणती लेन्स घेऊ, असं विचारलं आहेस. लेन्सचं थोडं थांबू. त्या संध्याकाळी चुकली ती जागा.

क्षितिजावरचा चंद्र मोठा दिसतो तो आपल्या मेंदूला होणारा भास. कॅमेऱ्याला असे भास होत नाहीत. मोजायला गेलं तर उगवता चंद्र माथ्यावरच्या चंद्रापेक्षा किंचित लहानच भरतो, कारण उगवताना तो आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका जास्त लांब असतो. आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश. हात लांब करून करंगळी समोर धर, चंद्र तिच्यामागे सहज लपेल. इतकाच तो आहे, आणि तू कुठेही जा, तो तेवढाच राहणार. लहानमोठा होतो तो मनोरा.

म्हणून फोटोत चंद्र मोठा हवा असेल तर मागे जायचं. पुष्कळ मागे. एखादी वस्तू जेवढी उंच असेल त्याच्या साधारण ११० पट अंतरावर गेलं, की ती चंद्राएवढी दिसते. उभा माणूस चंद्रबिंबात बरोबर मावायला हवा असेल तर दोनशे मीटरच्या जरा आत उभं राहावं लागतं. तुझा मनोरा वीस मीटरचा, म्हणजे त्यासाठी २.२ किलोमीटर. फोटोवरून दिसतं की तू तो जेमतेम तीनशे मीटरवरून टिपला आहेस. तिथून मनोरा सात चंद्रांएवढा उंच दिसतो, मग त्याच्या शेजारी चंद्र वाटाणा होणारच. आता लेन्स: फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याला, ११० ने भागलं की सेन्सरवर पडणाऱ्या चंद्राची रुंदी मिळते. तुझ्याकडच्या ३०० मिलिमीटरच्या लेन्सनं पावणेतीन मिलिमीटरचा चंद्र पडेल. सुरुवातीला तेवढा पुरे. नवी लेन्स घेण्याआधी या लेन्सनं वर्षभर काम कर.

पुढचं जरा सावकाश वाच. या कामात खरी मेहनत तिथेच आहे, आणि मला आनंदही तिथेच मिळतो.

चंद्र कुठे उगवणार हे दोन आकड्यांनी सांगता येतं. दिगंश म्हणजे खऱ्या उत्तरेपासून तो किती अंशांवर आहे, आणि उन्नतांश म्हणजे क्षितिजापासून किती वर आहे. फोटोपिल्स किंवा स्टेलॅरियमसारखं कुठलंही अ‍ॅप हे आकडे मिनिटामिनिटाचे देतं. नकाशावर मनोऱ्यापासून त्याच्या उलट दिशेला रेघ ओढली, की त्या रेघेवर कुठेतरी तुझी जागा असते. हे वाचायला सोपं आहे. माझं कुठे चुकलं ते सांगतो, म्हणजे त्यातली मेख कळेल.

मला एका दीपगृहाच्या दिव्यामागे पूर्ण चंद्र हवा होता. वर काचेची खोली, तिच्याभोवती लोखंडी कठडा, आणि त्या कठड्याचे गज चंद्रावर काळे उमटलेले, असं चित्र कित्येक महिने डोळ्यांसमोर होतं. दीड किलोमीटरवर वाळूचा एक पट्टा सापडला. चंद्रोदयाची वेळ काढली, त्या वेळचा दिगंश काढला, रेघ ओढली आणि वाळूत काठी रोवली. संध्याकाळी हवा इतकी स्वच्छ होती की कठडा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. चंद्रोदयाची वेळ झाली. काही नाही. डोंगराच्या मागे होता तो अजून. आठ मिनिटांनी वर आला, तांबूस, खालून जरासा चेपलेला, आणि दीपगृहाला अजिबात न शिवता उजवीकडून सरळ वर निघून गेला. मधे आकाशाची एक फट राहिली, त्या फटीत अर्धा चंद्र मावला असता.

चूक माझ्या आकड्यात होती. चंद्रोदयाच्या तक्त्यातली वेळ सपाट क्षितिजाची असते. दिव्याची खोली मी उभा होतो तिथून जवळपास दोन अंश वर होती. तेवढं चढायला चंद्राला आठ मिनिटं लागली, आणि चंद्र काही शिडीसारखा उभा चढत नाही. तो तिरका चढतो. उत्तर गोलार्धात उगवताना उजवीकडे झुकत, दक्षिण गोलार्धात डावीकडे. विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका तो तिरकेपणा वाढतो. त्या आठ मिनिटांत तो सव्वा चंद्राइतका बाजूला सरकला होता.

त्या अंतरावर चंद्र एका व्यासानं हलवायला आपण सुमारे साडेतेरा मीटर सरकावं लागतं. म्हणजे मी सतरा-अठरा मीटर डावीकडे धावलो असतो तर साधलं असतं. चंद्र उजवीकडे गेला की आपण डावीकडे जायचं, हे अंगात भिनायला हवं, कारण त्या घाईत डोकं हमखास उलटं सांगतं. मी ट्रायपॉड उचलून धावलोही. दहा मीटरवर वाळू संपली आणि खाडीचं पाणी सुरू झालं. दिवसाउजेडी त्या जागेवर तासभर घालवला होता, पण डावीकडे किती मोकळी जागा आहे हे पाहायचं सुचलं नव्हतं.

तेव्हा दिगंश नेहमी त्या क्षणाचा घे, ज्या क्षणी चंद्र तुझ्या वस्तूच्या उंचीला पोचेल. ती उंची काढायला एक जुना ठोकताळा पुरतो: एक किलोमीटरवर साडेसतरा मीटर म्हणजे एक अंश. मनोऱ्याच्या टोकाच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतून तुझ्या उभ्या जागेची तशीच उंची वजा करायची, हे विसरू नकोस. फोनमधल्या होकायंत्रावर भिस्त ठेवू नकोस. ते चुंबकीय उत्तर धरून चालतं आणि जवळच्या लोखंडानं बहकतं. नकाशावर मोजलेला कोन जास्त भरवशाचा. आणि जागा ठरवताना दोन्ही बाजूंना तीस-तीस मीटर मोकळी जमीन आहे का, ते चालून बघ.

ती दीपगृहाची जुळणी पुन्हा यायला जवळजवळ वर्ष गेलं, आणि तेव्हा उभं राहायची जागाही थोडी बदलली. सूर्य उगवण्याच्या जागा वर्षभरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत येतात. चंद्र तीच फेरी महिन्याभरात करतो. त्यामुळे त्याची उगवायची जागा एका दिवसात कित्येक अंशांनी उडी मारू शकते, आणि १८.६ वर्षांच्या चक्रात तिची टोकंही आतबाहेर होतात. सूर्य त्या मानानं सरळ. एखाद्या रस्त्याच्या टोकाशी तो एकदा मावळला, तर अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान दिवसाच्या, पलीकडे तितक्याच दिवसांनी तो पुन्हा तिथेच मावळणार. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधले रस्ते खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंश वळवून आखले आहेत, म्हणून तिथे मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला सूर्य इमारतींच्या दरीत नेमका रस्त्यावर टेकतो. तुझ्या रोजच्या सरळ रस्त्यालाही बहुधा असे दोन दिवस असतील. शोधून काढ. अयनदिनाच्या आसपास सूर्य आठवडाभर जवळपास एकाच जागी मावळतो, तेव्हा हाताशी बरेच दिवस असतात; विषुवदिनाजवळ, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, मात्र रोज जवळजवळ एका बिंबाएवढा सरकतो, तिथे एक दिवस ढगाळ गेला की संपलं.

एवढं गणित करून मग क्षणाला काय उरतं, असं तुला वाटेल. दोन मिनिटं उरतात. चंद्र स्वतःच्या रुंदीएवढं अंतर दोन मिनिटांत कापतो. त्या दोन मिनिटांत हातांनी विचारायला थांबायचं नाही, यासाठी बाकीचं सगळं आधी.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. गाडीतून जाताना त्याला ते दृश्य दिसलं. घाईत लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, सापडेना. चंद्राच्या तेजाचा आकडा त्याला पाठ होता, त्यावरून त्यानं एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवलं आणि एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घ्यायला फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. मला या गोष्टीत नशिबापेक्षा तो पाठ असलेला आकडा मोठा वाटतो. अ‍ॅडम्सला पुढे तारीख आठवत नव्हती. अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून मागे गणित करून ती काढली, १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटं. म्हणजे फोटो खरा असेल तर आकाशच त्याची वेळ लिहून ठेवतं.

दुसरं टोक छायाचित्रकार व्हॅलेरिओ मिनाटोचं. इटलीत तुरीनजवळचं सुपेर्गाचं चर्च, त्यामागे मोनविझो शिखर, आणि त्याच्याही मागे चंद्रकोर, तिन्ही एका रेषेत. त्या एका फ्रेमसाठी तो सुमारे सहा वर्षं प्रयत्न करत होता. १५ डिसेंबर २०२३ ला ती मिळाली. कोरीचा अंधारा भागही फोटोत मंद उजळलेला दिसतो. तो पृथ्वीवरून परावर्तित झालेला उजेड.

आता चार गोष्टी भराभर सांगतो. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी जा. तेव्हा चंद्र सहसा सूर्यास्ताच्या आधी उगवतो आणि जमिनीवर अजून उजेड असतो. पौर्णिमा उलटल्यावर गेलास तर काळ्या जमिनीवर पांढरं भोक येईल. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड आहे, त्याला उन्हातल्या वस्तूसारखंच एक्सपोजर लागतं. फक्त क्षितिजाजवळ हवेतल्या धुरकटपणानं तो बराच मंद होतो आणि वर चढेल तसा उजळत जातो, तेव्हा दर मिनिटाला हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख, बघ. शटर फार लांबवू नकोस, चंद्र चालतो आहे. फोकस अंधार पडायच्या आत मनोऱ्यावर लावून मॅन्युअल करून टाक. आणि दिवसभर तापलेल्या जमिनीवरून, छपरांवरून नेम धरू नकोस. वर उठणाऱ्या गरम हवेत कडा पाण्यात हलाव्या तशा हलतात, त्याला कुठलीच लेन्स उपाय नाही.

सूर्याच्या बाबतीत मी कडक आहे. लांब लेन्स लावलेल्या कॅमेऱ्याच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघायचं नाही, मावळतीचा मऊ दिसला तरी नाही. स्क्रीनवर बघ. सूर्य वर असेल तर लेन्सच्या पुढे सौर फिल्टर लावल्याशिवाय कॅमेरा तिकडे वळवायचाच नाही. डोळा एकदा गेला की गेला.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस की दुसऱ्या फोटोतला चंद्र आणून चिकटवला तर काय बिघडलं, सगळेच करतात. चित्र म्हणून करायचं असेल तर कर आणि तसं लिही. पण मी ते फोटो बघतो तेव्हा मला दुखतं. कोरीच्या अंधाऱ्या भागात तारा चमकताना दाखवलेला मी पाहिला आहे, म्हणजे तारा चंद्राच्या अलीकडे! कोरीची उजळ बाजू सूर्य मावळला त्याच्या उलटीकडे वळलेली पाहिली आहे. अशा फोटोत तिथे कोणी उभंच नव्हतं. तू, मनोरा आणि चंद्र, या तिघांपैकी हलवता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती चिकटवलेल्या फोटोत गैरहजर असते.

दीपगृहाचा फोटो मला दुसऱ्या वर्षी मिळाला. कठड्याचे गज मोजता येतात, सतरा आहेत. एका टोकाला एक पक्षी बसलेला होता, तो मला तिथे असताना दिसलाच नाही, घरी मोठा करून पाहिल्यावर सापडला.

तर असं कर. मनोऱ्यापासून २.२ किलोमीटरवर, पुढच्या पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळची रेघ काढ, आकडे मला पाठव, मी इथे पुन्हा मांडून बघतो. शनिवारी उजेडात जाऊन ती जागा चालून ये. झाडं आड येत असतील तर कळव, अंतर कमीजास्त करून दुसरी जागा काढू. आणि त्या संध्याकाळचे सगळे फोटो पाठव, चुकलेले आधी. चंद्र कुठल्या बाजूनं निसटला हे त्यांच्यावरूनच कळतं.

तुझ्या पत्राची वाट बघतो.

तुझा,
दीपगृहवाला