अळणी, सपक, मिळमिळीत, खमंग, झणझणीत यांत नेमका फरक काय?

बाकीच्यांचं नंतर बघू, आधी ‘अळणी’. मीठ नाही ते अळणी. संपलं. मिरची कमी पडली म्हणून पदार्थ अळणी होत नाही, हे मी लग्न झाल्यापासून घरात सांगतेय.

माहेर कोकणातलं, सासर कोल्हापूरचं. ऋषिपंचमीला मी ऋषीची भाजी करते. अळू, सुरण, लाल भोपळा, भेंडी, माठाचे देठ, कणसाचे तुकडे. फोडणी नाही, मसाला नाही. मीठ, आमसुलं, ओलं खोबरं आणि फार तर एखादी हिरवी मिरची. (आमसुलं विसरू नका, नाहीतर अळू-सुरणानं घसा खाजतो. ती चव नव्हे, ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात.) गेल्या वर्षी धाकटे दीर पहिल्याच घासाला म्हणाले, “वहिनी, अळणी झालीय.” मी मिठाची वाटी पुढे सरकवली. तिला हातही न लावता त्यांनी चटणी मागितली. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसणाचं लाल तिखट. ऋषिपंचमीला!

मीठ नको होतं, मग अळणी कशी? भाऊजींना म्हणायचं होतं सपक. तेही चूकच. कणसाचा गोडवा नि आमसुलाचा आंबटपणा चांगला लागत होता. सपक म्हणजे पाहुणे वाढले म्हणून पाणी ओतून वाढवलेली आमटी, कुठलीच चव पुढे येत नाही. मिळमिळीत म्हणजे तेच, वर खाणाऱ्याचा वैताग.

झणझणीत ही तर चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून तर मिरचीचा हात डोळ्याला लागला तरी झोंबतं. आणि मिरची आली पोर्तुगिजांबरोबर. त्याआधी मिरी-पिंपळीवर जेवणारे आपले पूर्वज काय जन्मभर अळणी खात होते?

खमंग हे निम्मं नाकाचं काम. भाजलेले दाणे, थालीपिठाची भाजणी, काकडीवरची तूप-जिऱ्याची फोडणी.

आता एक कबूल करायला हवं. कोल्हापुरात तिखट घालण्याआधी मटणाचं जे पाणी काढून ठेवतात त्याला अळणीच म्हणतात, आणि त्यात मीठ असतं. तेवढी सूट भाऊजींना दिली. पण ती मटणापुरती, माझ्या भाजीला नाही.